'जावास्क्रिप्ट सपोर्ट' म्हणे!

मोठ्या जावा ॲप्लिकेशनच्या पोटात जावास्क्रिप्ट कोंबायची अक्कल कुणाची, ते एकदा कळू दे. व्हेंडर विकताना सांगतो, "जावास्क्रिप्ट सपोर्ट आहे, बिझनेस रूल बदलायला डेव्हलपर लागणारच नाही." कुठला बिझनेसवाला आजवर रूल लिहायला बसलाय? लिहितो आम्हीच, हिंजवडीत, ॲडमिन स्क्रीनवरच्या बोटभर खिडकीत. ना चूक शोधायला डीबगर, ना बदलांची नोंद ठेवायला गिट.

आत ती स्क्रिप्ट चालवणारं इंजिन कुठलं, हे कुणी विचारतच नाही. जावा ६ सोबत रायनो नावाचं इंजिन यायचं. २०१४ ला जावा ८ मध्ये नॅशॉर्न आलं, ११ मध्ये ते डेप्रिकेट झालं, म्हणजे 'पुढे काढणार' असं सांगितलं, आणि २०२० ला १५ मधून चक्क काढून टाकलं. सगळं जाहीर होतं. तरी आमचं जावा १७ वर जायचं ठरलं, तेव्हा प्लॅनमध्ये स्क्रिप्टसाठी एक ओळ नाही. "जावास्क्रिप्टच आहे ना, चालेल की!" इति मॅनेजर. चाललं हो, छान चाललं! नावाने नॅशॉर्न मागितलं तर एररसुद्धा येत नाही, निमूट नल, म्हणजे 'काहीच नाही', हातात पडतो. मग नल पॉइंटर एक्सेप्शन भलत्याच क्लासमध्ये, आणि शिव्या त्या क्लासवाल्याला.

रायनोच्या काळातले रूल तर विचारू नका. जावाकडून आलेली स्ट्रिंग तिथे ऑब्जेक्ट. लॉगमध्ये दोन्हीकडे तेच अक्षर न् अक्षर, पण === ही काटेकोर तुलना लावली की फॉल्स! स्ट्रिंग फंक्शनमध्ये गुंडाळलं की ट्रू. अख्खी दुपार यात गेली. वर कॉमेंट: "हात लावू नका". लिहिणारा केव्हाच बंगळुरूला पळाला.

इंटरव्ह्यूत पोरांना नव्या जावास्क्रिप्टमधलं असिंक-अवेट विचारायचं आणि कामाला लावायचं ईएस ५ या जुन्या आवृत्तीवर. पोरगं बिचारं साधं ॲरो फंक्शन लिहितं आणि सिंटॅक्स एरर खातं.

आता म्हणे नॅशॉर्नऐवजी ग्राल हे इंजिन घ्या. घेतलं. टेस्टिंगला एकच माणूस, सगळं हिरवंगार. प्रॉडक्शनला दोन थ्रेड, म्हणजे समांतर चालणारी दोन कामं, एकाच वेळी एकाच कॉन्टेक्स्टमध्ये (इंजिनात स्क्रिप्ट चालते त्या जागेत) शिरले की एक्सेप्शन. तेही महिनाअखेरीला, लोकांची बिलं निघत असताना.

व्हेंडरला फोन केला तर म्हणतो, "सपोर्ट मॅट्रिक्स बघा." बघितला तो काय-काय चालतं त्याचा तक्ता. तिथे लिहिलंय, जावास्क्रिप्ट: हो. अरे कसलं हो? कुठलं इंजिन, कुठली आवृत्ती, लिहायला हात दुखतात का तुमचे?