परत घडी कोण घालणार?

नमस्कार. कपड्यांच्या पारदर्शक डब्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. दोन ओळींत आभार मानून विषय मिटवावा अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

इतरांसाठी आधी तिचा गोषवारा. तुम्ही बरीच वर्षं कपड्याच्या दुकानात काउंटरमागे काम केलं आहे. तुमचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक नुसतं बघून शर्ट घेत नाही, हात लावून घेतं, त्यामुळे डबा उघडला जातोच. एकदा उघडला की शर्ट पहिल्यासारखा आत बसत नाही, झाकणाचे कोपरे पांढरे पडतात, प्लास्टिकवर ओरखडे येतात, डबे पिवळे पडतात आणि डब्याची रया जाते. परत घडी घालत बसायचं ते दुकानातल्या माणसानं. शिवाय एवढं प्लास्टिक कशाला? त्यापेक्षा कपडा नुसता घडी घालून फळीवर ठेवावा. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत की डब्यांची रचना करणारे लोक एक दिवस जरी काउंटरमागे उभे राहिले असते तरी असे डबे झाले नसते.

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण डब्यांची रचना करणं हेच माझं काम, तेव्हा ते मला लागू होतं.

मी रचना केलेला शर्टाचा पहिला डबा अरुंद बाजूनं उघडणारा होता. 36 सेंटिमीटर लांब, 25 रुंद, 5 उंच. टेबलावर ठेवला की सुरेख दिसायचा. पुढे एका दुकानात दुपारभर उभा राहिलो आणि तो वापरला जाताना पाहिला. एका गिऱ्हाइकानं शर्ट काढून पाहिला, नको म्हटलं. काउंटरवरच्या मुलीनं तो बोर्डावर, म्हणजे घडीच्या आतल्या पुठ्ठ्यावर, नीट बसवला आणि डब्यात सरकवायला घेतला. बोर्ड आत गेला, कापड मागे राहिलं. खाली दुमडलेल्या बाह्या झाकणाच्या कडेला अडकल्या. बटणपट्टीच्या चुण्या झाल्या. तिनं शर्ट बाहेर काढला, परत झटकला, या वेळी कॉलरकडून घातला, तर कॉलरचं टोक झाकणाच्या पाकळीखाली वाकलं. तिसऱ्या खेपेनंतर तिनं रिकामा डबा खाली ठेवला आणि शर्ट त्याच्यावर ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत त्या फळीवर असे सात-आठ डबे झाले होते.

तेव्हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि नुसता तोंडदेखला नाही. डबा कसा दिसतो याचा विचार सगळे करतात. भरताना तो कसा वागतो याचाही करतात, कारण कारखान्यात वेळ मोजला जातो. पण दुसऱ्यांदा बंद करताना काय होतं, हे विचारणारं कुणी नसतं. मी तरी विचारलं नव्हतं. माझं आजचं मत असं आहे की कपड्याच्या डब्याची खरी परीक्षा तिथेच होते.

त्यावर उपाय म्हणून डबा सोडून द्यावा, इथे मात्र आपलं जमत नाही. उघडायची बाजू बदलली पाहिजे. शर्ट हा सरकवायचा जिन्नस नाही, वरून ठेवायचा आहे. 36 सेंटिमीटरची लांब कड बिजागरीसारखी धरली आणि सगळा वरचा भाग पेटीच्या झाकणासारखा उघडला, तर शर्ट दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवता येतो. कापडाला कुठलीच कड घासत नाही. समोरच्या बाजूला झाकणाची जीभ आत खोचायची आणि तिच्या मधोमध अंगठा जाईल एवढी अर्धगोल खाच ठेवायची. ही खाच नसली की माणूस नखानं झाकण उचकटतो. कोपरे पांढरे पडतात ते बहुतेक वेळा तिथून.

या पांढरेपणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लेखात मी तो एका ओळीत उरकला होता. कागदी बोर्डाला क्रीज, म्हणजे दुमडायची रेघ, मारली की आतले तंतू दबतात आणि घडी त्या रेघेवर राहते. प्लास्टिकच्या शीटला तंतू नसतात. थंड शीटवर नुसती रेघ दाबली तर ती परत सरळ व्हायला बघते. मग डब्याच्या भिंती फुगतात आणि झाकण आपोआप उघडतं. ते बसावं म्हणून रेघ आणखी खोल मारली तर त्या जागी शीट ताणली जाते, आत अतिसूक्ष्म भेगा पडतात, त्यांच्यावरून उजेड विखुरतो आणि रेघ पांढरी दिसते. म्हणून क्रीज मारताना उष्णता देऊन तेवढीच रेघ मऊ करून घेतात. चांगल्या मऊ क्रीजचा डबा ओळखायची सोपी खूण म्हणजे सपाट डबा उभा करताना जोर लावावा लागत नाही आणि झाकण सोडलं की जागेवर पडून राहतं. पुन्हा पुन्हा उघडायच्या झाकणाला पॉलिप्रोपिलीन हे लवचीक प्लास्टिक पेटपेक्षा, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकपेक्षा, कितीतरी जास्त टिकतं. बाटलीच्या एकसंध झाकणांची ती पातळ बिजागरी त्याचीच असते. पण ते पेटइतकं स्वच्छ दिसत नाही, जरा दुधी वाटतं. मी अशा वेळी स्वच्छपणा थोडा सोडतो. रोज उघडणारा दुधी डबा चालेल, आठवड्यात चिरलेला चकचकीत डबा नको.

आता प्लास्टिक. या मुद्द्यावर तुम्ही जेवढं लिहिलंत त्याहून जास्त लिहायला हवं होतं. हिशेबच मांडतो. वरच्या मापाच्या डब्याच्या सहा बाजू मिळून 2410 चौरस सेंटिमीटर होतात. पाकळ्या आणि चिकटवायची पट्टी धरली की साधारण 3000. शीट पाव मिलिमीटर जाडीची, पेटची घनता घन सेंटिमीटरला 1.38 ग्रॅम, म्हणजे एका डब्याला शंभरेक ग्रॅम प्लास्टिक. त्याच शर्टाला 40 मायक्रॉनची, 27 बाय 40 सेंटिमीटरची पिशवी वापरली तर आठ ग्रॅमच्या आसपास. सरळ तेरापट! मूळ लेखात मी 'थोडं जास्त प्लास्टिक लागतं' असं लिहिलं होतं. ते चूक होतं.

म्हणून प्रत्येक शर्टाला डबा द्यायला माझा आता विरोध आहे. भेट द्यायचा शर्ट, टायसकट विकायचा संच, बाळाच्या कपड्यांचा संच, म्हणजे जिथे डबा घरी गेल्यावरही कामाला येतो, तिथेच तो असावा. रोजच्या शर्टाला दहा सेंटिमीटर रुंदीची पारदर्शक पट्टी पुरते. शर्टाभोवती घट्ट बसणारी, मागे जोडलेली. तिला वीसेक ग्रॅम लागतात, घडी जागेवर राहते आणि कॉलरकडचं व खालचं कापड हाताला मोकळं मिळतं. तुमचा हात लावायचा मुद्दाही त्यातच सुटतो. एवढंच सांभाळायचं की कापलेल्या शीटची कड धारदार असते, विणीच्या कापडाचा धागा तीत हमखास अडकतो. पट्टीची कड आत दुमडून घ्यावी आणि कोपरे गोल करावेत. डब्याला हात घालायची खिडकी पाडतानाही हेच. खिडकी मला फारशी पटत नाही, तिच्यातून धूळ जाते आणि फिक्या रंगावर तेवढाच मळका गोल उठतो.

एक आणखी दुरुस्ती. पीव्हीसी हे तिसरं प्लास्टिक स्वस्त पडतं, क्रीज चांगली घेतं, म्हणून मी त्याची शिफारस केली होती. ती मागे घेतो. पेटच्या पुनर्वापरात थोडंसं पीव्हीसी मिसळलं तरी सगळा घाणा बिघडतो, कारण पेट वितळायला लागणाऱ्या 250-260 अंश सेल्सिअसला पीव्हीसी विघटन होऊन आम्ल सोडतं. पाण्यात टाकून वेगळं करावं, तर दोघांची घनता जवळजवळ सारखी, दोन्ही बुडतात. पॉलिप्रोपिलीन पाण्यावर तरंगतं, ते निवडून काढता येतं.

नुसती घडी फळीवर ठेवावी, या तुमच्या सूचनेचं काय? टी-शर्ट आणि जीन्सला ती अगदी योग्य आहे. मी त्यांना डबा सुचवतही नाही. पण फॉर्मल शर्ट उघडा ठेवला की दर गिऱ्हाइकामागे एक घडी मोडते, कॉलर बसते आणि पांढऱ्या शर्टाच्या पुढच्या भागावर बोटं उमटतात. मग घडी परत घालायचं काम कमी कुठे झालं? माझ्या अनुभवात सर्वांत चांगलं चाललं ते असं: दर प्रकाराचा एक शर्ट हँगरवर उघडा, हात लावायला, अंगावर धरून बघायला, घालून बघायला. बाकी सगळे पट्टीत किंवा डब्यात. नमुना समोर टांगलेला असला की डबा उघडायचं कारणच बऱ्यापैकी संपतं. डब्याची रचना करणाऱ्यानं हा हँगरवरचा शर्टही आपल्या कामाचाच भाग धरला पाहिजे. माझ्या लेखात त्याचा उल्लेखही नव्हता.

तुम्ही न काढलेला, पण तुम्हाला नक्की ओळखीचा असेल असा एक दोष सांगतो. डबे फळीवर आडवे रचले की गिऱ्हाइकाला दिसते ती समोरची 5 सेंटिमीटरची कड. बाकीचं प्लास्टिक कितीही स्वच्छ असो, ते वरच्या डब्याखाली झाकलेलं असतं. आणि वरचा एकुलता एक डबा तरी दिसावा, तर पेटच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 5 टक्के उजेड परत फिरतो, दोन पृष्ठभाग मिळून 10 टक्के. छताचे दिवे बरोबर कॉलरवर चमकतात. त्यामुळे मी आता समोरच्या कडेचं चित्र आधी काढतो. कॉलर त्या बाजूला, साइज त्याच कडेवर, ठळक, उजव्या हाताला, दर डब्यावर त्याच जागी. बारकोड मागे. साइज शोधायला डबा ओढून काढावा लागला की वरचे चार डबे घसरलेच म्हणून समजा.

ते घसरण्याचं कारणही शर्टातच आहे. कॉलरकडे घडी 5 सेंटिमीटर उंच, खालच्या टोकाला जेमतेम 2. नुसत्या पिशवीतले आठ शर्ट एकावर एक ठेवले तर पुढच्या आणि मागच्या उंचीत 24 सेंटिमीटरचा फरक पडतो, रचलेली चळत कलणारच. दुकानात त्यावर शर्ट उलटसुलट रचतात. चळत सरळ राहते, पण निम्म्या कॉलरी भिंतीकडे तोंड करून बसतात. डब्यात हे सुटतं, पण मग खालच्या टोकाशी वर पोकळी राहते, ती बाहेरून दिसते आणि हलवाहलवीत शर्ट तिकडे सरकतो. त्याला तोडगा म्हणजे आतल्या बोर्डाचंच खालचं टोक दोन घड्या घालून तीन सेंटिमीटर उंच करायचं, छोट्या पायरीसारखं. शर्ट सपाट बसतो, वेगळा ठोकळा लागत नाही. हा बोर्ड दुकानातल्या माणसाला न शिकवता परत घालता आला पाहिजे, म्हणून त्याच्या घड्या एकाच दिशेला ठेवाव्या. टाचण्या तर पूर्ण काढूनच टाकाव्या, दोन क्लिपांत काम होतं.

ओरखडे येतात, हे खरं आहे. शीटवर येताना जी संरक्षक फिल्म असते ती डबा भरल्यावर काढली तर निम्मे ओरखडे टळतात. वाहतुकीतले डबे एकमेकांवर घासू नयेत इतके खोक्यात घट्ट बसवले तर आणखी काही. फळीवरचे मात्र टळत नाहीत.

पिवळेपणाबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. डबे पिवळे पडतात, असं तुम्ही लिहिलंत. पांढऱ्या आणि फिक्या कपड्यांच्या बाबतीत एकदा कपडा बाहेर काढून पाहा, पिवळा बहुधा तोच झालेला असतो. काही पॉलिथिन पिशव्यांत बीएचटी नावाचं, प्लास्टिक खराब होऊ नये म्हणून घातलेलं द्रव्य असतं. ते कापडात उतरतं आणि हवेतल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग होऊन पिवळा रंग तयार होतो. गोदामात गाड्यांचा धूर असेल तर जास्तच. कपडा असा पिवळा पडेल का हे पाहायला आयएसओ 105-एक्स18 ही ठरलेली आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, आणि बीएचटी नसलेली फिल्म मागून घेता येते.

दुसरा शत्रू ओल. सुती कापड कोरडं वाटलं तरी वजनाच्या 7-8 टक्के पाणी धरून असतं. अडीचशे ग्रॅमच्या शर्टात वीसेक ग्रॅम. इस्त्रीवरून गरम शर्ट थेट बंद डब्यात घातला की तेच पाणी थंड झाल्यावर शीटच्या आतून दव धरतं. म्हणून शर्ट निवल्यावरच भरावा आणि डब्याच्या अरुंद बाजूंना पाच-सहा मिलिमीटरची दोन-दोन भोकं ठेवावीत. त्या भोकांचा उपयोग झाकण लावतानाही होतो. आत हवा कोंडली की झाकण वर उचललं जातं, आणि काउंटरवरचा माणूस ते तळहातानं दाबतो. कोपरे चिरडतात ते तिथेही.

मूळ लेखातली दोन वाक्यं मी आज बदलली आहेत, प्लास्टिकच्या वजनाचं आणि पीव्हीसीचं. लांब कडेनं उघडणाऱ्या डब्याचा नकाशा मापांसकट जोडला आहे. बोर्डाच्या पायरीची उंची मी तीन सेंटिमीटर धरली आहे, पण जाड कॉलरच्या शर्टांना ती कमी पडेल असा मला संशय आहे. तुमच्या हाताखालून रोज जितके शर्ट गेले तितके माझ्या टेबलावर कधी आले नाहीत, तेव्हा ते माप तुम्ही तपासून कळवलंत तर मी नकाशा त्याप्रमाणे सुधारीन.