हात नाही, पातेल्याचा काठ चुकतोय!

पातेल्यातला चहा कपात ओतायचा, एवढंच काम. तरी त्यातला घोटभर पातेल्याच्या बाहेरून ओघळत बुडाशी जाणार, ओट्यावर थारोळं होणार, शेगडीवर पडलेले थेंब करपणार. आणि मागून आवाज येणारच, "अगं, जरा हळू ओत की!" डोकंच फिरतं माझं. हळू ओतल्यामुळेच सांडतंय ते!

याला नावसुद्धा आहे. मार्कुस रायनर या शास्त्रज्ञाने १९५६ साली 'टीपॉट इफेक्ट' म्हणून हा प्रश्न मांडला. पुढच्याच वर्षी जोसेफ केलर या गणितज्ञाने कारण सांगितलं. काठावरून वळताना काठालगतचा चहा जोरात पळतो, तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि हवाच धारेला भांड्याच्या अंगावर दाबून धरते. त्यात स्टील चटकन ओलं होणारं. काठ एकदा भिजला की चहा त्याला धरूनच बसतो. धारेला जोर असला तर ती काठावरून सुटते, जोर कमी पडला की वळून खाली उतरते. म्हणून ओतायला सुरुवात करताना आणि थांबवताना हमखास ओघळ येतो. काठोकाठ भरलेलं पातेलं सांडशीत धरून कोण झटक्यात वाकवणार? भाजून घ्यायचं का?

न गळणाऱ्या चोचीचं गणित केल्याबद्दल केलर आणि व्हांडेन-ब्रोक या आणखी एका गणितज्ञाला १९९९ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. लोकांना गंमत वाटली असेल. मला नाही वाटत. उत्तर इतकी वर्षं ठाऊक आहे: काठ पातळ हवा, धारदार हवा, शक्यतो खाली वळलेला हवा. आणि बाजारात काय मिळतं? जाड, गोल दुमडलेला काठ, म्हणजे ओघळ यायला अगदी सोयीचा. बोट कापू नये, भांडं चेपू नये म्हणून काठ दुमडतात, हे मान्य. मग एका बाजूला नीट चोच काढा ना! प्रयोगशाळेतल्या साध्या काचेच्या बीकरला असते. चोचीची म्हणून जास्त पैसे घेऊन विकतात त्या भांड्यांच्या चोचीही पुन्हा गुळगुळीत आणि गोल. तेलाच्या किटलीचं तर विचारूच नका, कायम चिकट.

आणि बोल कुणाला? नव्या सुनेला, पोराला, हात थरथरणाऱ्या आजीला. "हाताला वळण नाही", "धांदरट आहे". पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हे ऐकून घेतलं आणि मुकाट्याने फडकं घेऊन ओटा पुसला. भांडं घडवणाऱ्याला मात्र कुणी एका शब्दाने विचारलं नाही की, बाबा रे, विकायच्या आधी यातून एकदा तरी पाणी ओतून पाहिलंस का?

मी आता दुकानातच पाणी मागते आणि तिथेच ओतून बघते, तेही अगदी हळू. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.