हाड जुळलं, पण मांडी?

मांडीच्या फ्रॅक्चरवरच्या एका लेखात म्हटलंय की मोडलेल्या हाडात रॉड, म्हणजे धातूची लांब सळई, टाकला की तरुण पेशंट काही महिन्यांत पूर्ववत होतो. हाडापुरतं ते खरंय. जर्मनीत सर्जन क्युंट्शर यांनी 1939 मध्ये हाडाच्या पोकळीत असा रॉड, म्हणजे खिळा, बसवला, तेव्हापासून तंत्र इतकं सुधारलं की बहुतेक हाडं जुळतातच. पण पुढचं कोण बघतं?

माझा धाकटा भाऊ 22 वर्षांचा असताना घोडबंदर रोडवर बाईकवरून पडला, डाव्या मांडीचं हाड मोडलं आणि रॉड टाकला. त्याला आता 6 वर्षं झाली. एक्स-रे अगदी छान येतो. आई मात्र त्याच्या चपला बघते. उजवीची टाच पार झिजलेली, डावी जवळजवळ नवी! शिंप्याच्या टेपने मोजली तर डावी मांडी 2 सेंटिमीटरने बारीक. ठाणे स्टेशनचा जिना उतरताना अजून कठडा धरतो.

डिस्चार्ज देताना 'चालायला लाग' एवढंच सांगितलं होतं. खिळा बहुतेक वेळा वरून, खुब्याकडून घालतात, तिथले स्नायू दुखावतात, त्यांचा व्यायाम वेगळा करावा लागतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. फार वाईट वाटतं त्याचं. दोन्ही पायांची लांबी आणि पावलाची दिशा सारखी आहे ना, हेही सुरुवातीलाच तपासून घ्या. आणि फ्रॅक्चर खुब्याच्या मानेत, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याखालच्या अरुंद भागात, असेल तर हाड जुळल्यावरही तपासणी सोडू नका, कारण रक्तपुरवठा तुटलेला असला तर तो गोळा दोन वर्षांनीसुद्धा खचू शकतो.

भावाने गेल्या दिवाळीपासून फिजिओथेरपी धरलीय. परवा उपवन तलावाला एक फेरी न थांबता मारून आला.