'लेमन' फसलेली नाही

कोरियन लेखिका क्वोन यो-सन यांच्या 'लेमन' या कादंबरीवरचा तुमचा लेख आवडला, पण 'शेवटी खुनी कोण हे धड कळत नाही, म्हणून कादंबरी फसली' हे अजिबात पटलं नाही. २००२ साली कोरियात फुटबॉल विश्वचषकाचा जल्लोष चालू असताना हे-ऑन या शाळकरी मुलीचा खून होतो. संशय दोघांवर. एक गाडीवाला श्रीमंत मुलगा, दुसरा स्कूटरवरून डिलिव्हरी करणारा गरीब हान मानू. पोलीस कोणाला जास्त पिळतात ते वेगळं सांगायला नकोच. पण गोष्ट खरी आहे ती धाकट्या बहिणीची, दा-ऑनची. प्लास्टिक सर्जरी करून करून ती गेलेल्या बहिणीचा चेहरा स्वतःवर आणू बघते. तो चेहरा समोर वावरताना आईचं काय होत असेल, या विचाराने मला पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावं लागलं. आणि ती मानूच्या घरी जाते तो प्रसंग! त्याच्याही घरात एक बहीण आहे, गरिबी आहे, आजारपण आहे. दा-ऑनचा राग तिथे कसा डळमळतो, ते जरूर बघा. राहिला प्रश्न खुन्याचा. हे-ऑनच्याच शाळेतल्या तायरिमची एकतर्फी बोलणी असलेली प्रकरणं पुन्हा सावकाश वाचा, बरंच काही हाती लागेल.