गोरिला ‘वाचले’? फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गोरिलांबद्दलचा एक मेसेज या ना त्या रूपात ग्रुपांमधून फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: गोरिलांची संख्या हजारावर गेली, ते धोक्याबाहेर आले. तसेही आफ्रिकेत लाखो गोरिला आहेत. शिकार कधीच थांबली. खर्च पर्यटकांच्या तिकिटांतून निघतो. उरलासुरला धोका मोबाईलसाठी लागणाऱ्या कोल्टन या खनिजाचा, तेव्हा नवा फोन घेऊ नका. प्राणिसंग्रहालयांत गोरिला आहेतच, आणि स्थानिकांना जंगलाबाहेर ठेवलं की प्रश्न मिटला. जवळजवळ प्रत्येक वाक्यात तोळाभर सत्य आहे, म्हणून मेसेज पटतो. एकेक मुद्दा घेऊ.

‘संख्या हजारावर गेली, धोका टळला’

हजाराचा आकडा खरा, पण तो फक्त माउंटन गोरिलांचा. गोरिलांच्या दोन जाती आहेत, पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची, आणि प्रत्येकीच्या दोन उपजाती. माउंटन गोरिला ही त्या चारांतली एक. २०१५-१६ आणि २०१८ च्या मोजण्यांत रवांडा, युगांडा आणि लोकशाही काँगोच्या सीमेवरच्या विरुंगा ज्वालामुखींच्या रांगेत ६०४ आणि युगांडातल्या ब्विंडी व त्याला लागून असलेल्या लोकशाही काँगोतल्या (पुढे नुसतं काँगो) साराम्ब्वे जंगलात ४५९, म्हणजे एकूण १,०६३ गोरिला मिळाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये ही उपजात आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आली. एक पायरी वर चढली, यादीबाहेर गेलेली नाही. बाकीच्या तिन्ही उपजाती ‘अतिसंकटग्रस्त’मध्येच आहेत. नायजेरिया आणि कॅमेरूनच्या सीमेवरचे क्रॉस रिव्हर गोरिला तर २०० ते ३०० इतकेच उरले आहेत.

हे आकडे येतात कुठून, तेही बघायला हवं. गोरिलांची शिरगणती म्हणजे घरट्यांची मोजणी. आईसोबत झोपणारी पिल्लं सोडली तर प्रत्येक गोरिला रोज संध्याकाळी डहाळ्या-पाला वाकवून नवं घरटं करतो आणि बहुतेकदा त्यातच विष्ठा टाकतो. पथकं ठरलेल्या पट्ट्यांतून चालतात, माग लागला की एकेका गटाच्या लागोपाठच्या तीन रात्रींच्या घरट्यांपर्यंत पोचायचा प्रयत्न करतात. लेंडीची रुंदी मोजून वय अंदाजतात, घरट्यातल्या रुपेरी केसांवरून सिल्व्हरबॅक म्हणजे प्रौढ नर ओळखतात आणि विष्ठेचा नमुना डीएनए तपासणीला पाठवतात, म्हणजे एकच प्राणी दोनदा मोजला जात नाही. ब्विंडीत २०१८ च्या मोजणीत सगळं जंगल दोनदा चाळलं गेलं. त्यामुळे आधीच्या ४०० वरून ४५९ झालेल्या वाढीतला काही भाग मोजणी सुधारल्याचाही असू शकतो.

आता वाढ कशाने झाली? विरुंगातल्या १९६७ ते २००८ या काळातल्या नोंदींवर झालेला अभ्यास याचं उत्तर देतो. माणसांना सरावलेल्या गटांवर रोज पाळत होती आणि गरज पडली तर पशुवैद्य जात होते. ते गट वर्षाला ४.१ टक्क्यांनी वाढले. त्याच डोंगरांतले, फक्त उद्यानाच्या सर्वसाधारण संरक्षणावर सोडलेले, न सरावलेले गट वर्षाला ०.७ टक्क्यांनी घटले. म्हणजे हजाराचा आकडा रोजच्या पहाऱ्यावर उभा आहे. पहारा उठला तर काय होईल, याचं उत्तर त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या आकड्यात आहे.

वाढीलाही मर्यादा आहेत. ब्विंडी आणि विरुंगा ही दोन बेटं आहेत, मधे शेती आणि दाट वस्ती, गोरिलांना इकडून तिकडे जायला वाट नाही. रवांडाच्या बाजूला गट वाढून दाटी झाली, तेव्हा गटागटांतल्या मारामाऱ्या आणि परक्या नरांकडून पिल्लं मारली जाण्याचं प्रमाण वाढलं आणि वाढीचा वेग मंदावला.

‘आफ्रिकेत लाखो गोरिला आहेत’

हेही खरं: २०१३ सालच्या स्थितीसाठीचा अंदाज ३,६१,९०० चा होता. हे पश्चिमेकडचे सखल भागातले गोरिला, बहुतांश काँगो प्रजासत्ताक (हा लोकशाही काँगोच्या शेजारचा वेगळा देश) आणि गॅबनमध्ये. त्याच अभ्यासाने घटीचा वेग वर्षाला २.७ टक्के दिला होता, हे वाक्य मेसेजमध्ये येत नाही. त्या वेगाने संख्या सुमारे २५ वर्षांत निम्मी होते. मादीला पहिलं पिल्लू दहाव्या वर्षाच्या आसपास होतं, पुढचं चार ते सहा वर्षांनी, आणि त्यातली कित्येक लहानपणीच मरतात. अशा प्राण्याची घट लवकर भरून निघत नाही.

एका फटक्यात काय जाऊ शकतं, ते इबोलाने दाखवलं. काँगो प्रजासत्ताकातल्या लोसी अभयारण्यात संशोधकांच्या ओळखीचे १४३ गोरिला होते. २००२-०३ च्या साथीत त्यातले १३० गेले. त्या परिसरात मिळून सुमारे ५,००० गोरिला मेले असावेत, असा अंदाज निघाला. हे गोरिला फळं खातात, एकाच फळलेल्या झाडावर वेगवेगळे गट येतात, आणि विषाणूला गटागटांत उडी मारायला तेवढं पुरतं. शिवाय दर दहांतले सुमारे आठ गोरिला संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर राहतात, म्हणजे बरेचसे लाकूडतोडीच्या ठेक्याच्या जंगलांत. तिथे तोडीपेक्षा रस्ता जास्त नुकसान करतो, कारण रस्त्याने शिकारी आत येतो आणि मांस बाहेर जातं. त्यावर उपाय ठरलेले आहेत: तोड संपली की रस्ता बंद करायचा, कंपनीच्या ट्रकमधून शिकारीचं मांस नेऊ द्यायचं नाही, कामगारांच्या वसाहतीत दुसरं मांस पुरवायचं. एफएससी हे जबाबदार लाकूडतोडीचं प्रमाणपत्र असलेल्या ठेक्यांना हे करावं लागतं, आणि तिथे मोठे सस्तन प्राणी जास्त आढळतात.

‘शिकार कधीच थांबली’

गोरिलाला नेम धरून मारणं माउंटन गोरिलांच्या भागात कमी झालं, एवढंच. गोरिला अडकतो तो दुसऱ्यासाठी लावलेल्या फासक्यात. बांबूची किंवा लवचीक झाडाची काठी वाकवायची, तिच्या टोकाला तार किंवा नायलॉनच्या दोरीचा फास, खाली खुंटीला अटकवायचा आणि वर पाला पसरायचा. डायकर नावाच्या छोट्या हरणाचा पाय पडला की खुंटी सुटते, काठी उसळते. आपल्याकडे रानडुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या सापडतो, तसाच प्रकार. प्रौढ गोरिला हिसका देऊन काठी मोडतो, पण फास मनगटावर राहतो आणि ओढला तितका आवळतो. पिल्लाला तेही जमत नाही. रक्तपुरवठा बंद पडून हात सडतो, विष अंगात भिनतं.

फास काढणं म्हणजे छोटी मोहीम असते. माग काढणारे आधी गट शोधतात आणि जखम किती खोल आहे ते पाहतात, कारण किरकोळ गोष्टींत हात घालायचा नाही असा दंडक आहे. जिवावर बेतणारं किंवा माणसामुळे झालेलं असेल तरच पशुवैद्य उतरतात. पिल्लू अडकलं असेल तर आईलाही भुलीचा डार्ट मारावा लागतो, ती पिल्लू सोडत नाही. सिल्व्हरबॅक चाल करून येतो, त्याला माग काढणारे ओळीने उभे राहून दूर ठेवतात. तार कापायची, जखम धुवायची, दीर्घकाळ काम करणारं प्रतिजैविक टोचायचं, भूल उतरवणारं औषध द्यायचं आणि मागे सरायचं. गट पुढे निघून जाण्याआधी सगळं आटपावं लागतं.

जून २०२० मध्ये ब्विंडीतल्या न्कुरिंगो गटाचा सिल्व्हरबॅक रफिकी भाल्याने मारला गेला. मारणारा छोट्या प्राण्यांच्या शिकारीला गेला होता. त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली.

‘पर्यटन सगळा खर्च भागवतं’

रवांडात एका तासाच्या भेटीचा परवाना १,५०० डॉलरचा आहे, म्हणजे आजच्या दराने सव्वा लाख रुपयांच्या वर. एका गटाला दिवसाला जास्तीत जास्त आठ पर्यटक. पैसा मोठा आहे, त्यातून उद्यानं चालतात आणि वाटा गावांनाही मिळतो. पण मार्च २०२० मध्ये पर्यटक यायचे थांबले आणि ब्विंडीच्या आसपास रोजगार गेलेले लोक फासकी घेऊन जंगलात शिरले. रफिकीचा मृत्यू त्याच काळातला. शिवाय हा पैसा मुख्यतः तीन देशांतल्या एकाच उपजातीपुरता येतो.

पर्यटक सर्दी-खोकलाही आणतो. २००९ मध्ये रवांडातला हिरवा नावाचा गट माणसातल्या मेटान्यूमोव्हायरस या श्वसनाच्या विषाणूने आजारी पडला, एक मादी आणि एक पिल्लू दगावलं. म्हणून मास्क आणि अंतराचा नियम. अंतर आधी ७ मीटर होतं, कोविडनंतर १० झालं. ब्विंडीत अभ्यासकांनी प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा जवळजवळ प्रत्येक भेटीत ७ मीटरचा नियम मोडला गेलेला आढळला. पुण्या-मुंबईहून युगांडा, रवांडाला जाणारे आता कमी नाहीत. त्यांच्यासाठी सरळ सांगायचं तर: घसा खवखवत असेल तर आधीच सांगा आणि त्या दिवशी जंगलात जाऊ नका. सेल्फीसाठी पुढे सरकू नका. वाटाड्या टिपेच्या आशेने गप्प बसेल.

‘कोल्टन बंद, गोरिला सुखी’

इथे अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्याचा धोका आहे. कोल्टनमधून टँटलम निघतं, ते फोनच्या कपॅसिटरमध्ये जातं, आणि पूर्व काँगोतल्या ग्राउअर गोरिलांच्या (पूर्वेकडच्या जातीची दुसरी उपजात) जंगलात खाणी आहेत, हे खरं. या उपजातीची संख्या १९९० च्या दशकातल्या सुमारे १७,००० वरून ३,८०० वर आल्याचा अंदाज २०१६ मध्ये निघाला. २०२१ च्या अंदाजात तो आकडा ६,८०० झाला. मेसेजवाले याला वाढ म्हणतील. मधल्या काळात जास्त जंगल पाहून झालं होतं, म्हणून आकडा बदलला.

पण गोरिलाला मारते ती खाणीभोवतीची वस्ती. हातांनी खणायच्या खाणींतल्या मजुरांना जंगलात दुसरं मांस मिळत नाही, फासकी आणि बंदुका तिथेच असतात. कथिल आणि सोन्याच्या खाणींभोवतीही हेच चालतं. सप्टेंबर २०१० मध्ये काँगो सरकारने तीन पूर्व प्रांतांत खाणकाम बंद केलं आणि मार्च २०११ मध्ये बंदी उठवली. बंदुकधारी गट तिथेच राहिले. सोनं खिशात मावतं, त्याचा माग काढणं कोल्टनपेक्षा अवघड.

कोल्टनच्या गोंगाटात कोळसा विसरला जातो. पूर्व काँगोतल्या गोमा शहरातल्या चुली लोणारी कोळशावर चालतात आणि त्यातला बराच विरुंगा उद्यानातल्या झाडांचा असतो. जुलै २००७ मध्ये तिथे सेन्क्वेक्वे हा सिल्व्हरबॅक आणि त्याच्या गटातल्या माद्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. त्या हत्यांमागे कोळशाच्या धंद्याचे धागे निघाले. एप्रिल २०२० मध्ये याच उद्यानाचे १२ वनरक्षक एका हल्ल्यात ठार झाले. फोन जास्त वर्षं वापरा, जरूर, पण गोम्यात गॅस किंवा वीज स्वस्त पोचली तर फरक कदाचित जास्त पडेल.

‘प्राणिसंग्रहालयांत आहेतच’

तिथले जवळपास सगळे पश्चिमेकडचे सखल भागातले. माउंटन गोरिला जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात नाही. मैसूरच्या प्राणिसंग्रहालयात २०२१ मध्ये जर्मनीहून आलेले थाबो आणि देम्बा हे गोरिला दोघेही नर आहेत, म्हणजे त्यांच्यापासून संख्या वाढण्याचा प्रश्नच नाही.

‘स्थानिकांना बाहेर ठेवा’

हा प्रयोग झालेला आहे. १९९१ मध्ये ब्विंडी उद्यान झालं तेव्हा तिथल्या बट्वा आदिवासींना नुकसानभरपाईविना जंगल सोडावं लागलं. काँगोत काहुझी-बिएगा उद्यानातल्या बट्वांचं तेच १९७० च्या दशकात झालं, आणि २०१८ पासून त्यांच्यातले काही परतून आल्यावर तिथे वनरक्षकांशी रक्तरंजित चकमकी उडाल्या. जंगलातल्या वाटा ज्यांना पाठ होत्या, तेच उद्यानाच्या विरोधात उभे राहिले.

ब्विंडीत उलट वाटेने केलेली कामं जास्त टिकली आहेत. गोरिला केळीच्या बागेत शिरून खोडाचा गाभा खातात. गावातलेच प्रशिक्षित स्वयंसेवक, ज्यांना तिथे ह्यूगो म्हणतात, आरडाओरडा आणि घंटा वाजवून त्यांना सावकाश जंगलाकडे वळवतात. न्कुरिंगो भागात उद्यानाच्या कडेने चहाची लागवड केली, कारण चहाचा पाला गोरिला खात नाहीत आणि गावाला त्याचे पैसे मिळतात.