‘डॉक्टर होऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘हुशार मुलांनी आता डॉक्टर होऊ नये’ असं सांगणारा एक मेसेज सध्या जो तो पुढे पाठवतोय. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. वैद्यकीय शिक्षण म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. निदान आता एआय डॉक्टरपेक्षा चांगलं करतं, त्यामुळे शिकून बाहेर पडेपर्यंत काम उरणारच नाही. त्या शिक्षणात तारुण्य करपून जातं. टिकायचं तर काळीज दगडाचं लागतं. आणि एवढं सोसून वर आलात तरी बरोबरीचे मित्र पैशात कधीच पुढे गेलेले असतात. मी डॉक्टर आहे आणि विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवते. हा मेसेज वाचून मनातली इच्छा गुंडाळून ठेवणारी मुलं मला भेटतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे. यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे, तेही सांगेन.

घोकंपट्टीपासून सुरुवात करू. पाठांतर लागतं, भरपूर लागतं, हे कबूल. ॲलर्जीच्या तीव्र झटक्याने श्वास कोंडलेला माणूस समोर आला की पुस्तक उघडायला वेळ नसतो. मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन हे हाताला आपोआप सुचावं लागतं. पण पाठ केलेलं सगळं खरंच असतं, आणि खरं असलं तरी समोरच्या रुग्णाला लागू पडतं, असं समजणारा डॉक्टर धोकादायक असतो. याची किंमत आमच्या क्षेत्राने मोजलेली आहे.

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या काही रुग्णांच्या हृदयात मधूनच जादा ठोके पडतात, आणि असे रुग्ण अचानक दगावण्याची शक्यता जास्त असते, हे जुनं निरीक्षण. ते ठोके दाबणारी औषधंही बाजारात होती. मग तर्क सरळ झाला: ठोके थांबवा, मृत्यू टळेल. पुस्तकात तसं होतं, परीक्षेत तसं लिहिलं की गुण मिळत होते, आणि रुग्णांना ती औषधं सर्रास दिली जात होती. शेवटी अमेरिकेत एक मोठी चाचणी घेतली गेली. काही रुग्णांना औषध, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. 1989 मध्ये त्यातल्या एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या दोन औषधांचा भाग मध्येच बंद करावा लागला. औषध घेणाऱ्या गटात मृत्यूंचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या दुपटीहून जास्त होतं. जादा ठोके खरोखर कमी झाले होते, ईसीजी सुधारला होता, आणि माणसं मरत होती.

हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. तर्क इतका स्वच्छ असतानाही ‘पण रुग्ण खरंच जास्त जगतात का?’ असं विचारायला ज्यांची जीभ अडखळली नाही, त्यांनी पुढच्या असंख्य लोकांना वाचवलं. पोटातल्या अल्सरचंही तेच. ताण आणि ॲसिड हे कारण डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्यांनी तोंडपाठ केलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना मात्र जठराच्या अस्तरात जिवाणू दिसत होते, आणि खरं कारण तेच, असं त्यांचं म्हणणं होतं. कोणी ऐकेना, तेव्हा मार्शल यांनी 1984 मध्ये ते जिवाणू स्वतःच पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पाठ केलेल्या गोष्टीवर शंका घेण्याची ही सवय लावणं हेच या शिक्षणातलं सगळ्यात अवघड काम आहे. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा फक्त पहिल्या वर्षाची जाडजूड पुस्तकं पाहिली असावीत.

आता एआय. मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे आणि मुलं घाबरतात तीही यालाच. 2016 मध्ये जेफ्री हिंटन यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचून निदान करणारे डॉक्टर, तयार करणं आत्ताच थांबवायला हवं, कारण पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. हे ऐऱ्यागैऱ्याचं बोलणं नव्हतं. ज्या तंत्रावर आजचं एआय उभं आहे त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक, आणि 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पाच वर्षं सरून गेली. रेडिओलॉजीत एआयची साधनं आली, मोठ्या संख्येने आली, अमेरिकेत मान्यता मिळालेल्या अशा वैद्यकीय साधनांत निम्म्याहून कितीतरी जास्त एकट्या रेडिओलॉजीतली आहेत. आणि तरीही अनेक देशांत रेडिओलॉजिस्टचा तुटवडा आहे. फिल्मवरची सावली ओळखणं हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. कोणता स्कॅन करायचा, कोणता करण्यात अर्थ नाही, आधीच्या स्कॅनशी ताडून पाहता हे नवं आहे की जुनं, सर्जनला नेमकं काय कळवायचं, हे बाकीचं काम होतं तिथेच आहे.

पण माझं खरं म्हणणं याच्याही आधीच्या टप्प्याबद्दल आहे. यंत्राला माहिती दिली तर ते निदान करेल, मान्य. ती माहिती येते कुठून?

हृदय कमजोर झालेल्या एक आजी पायांना सूज आणि धाप घेऊन पुन्हा ॲडमिट झाल्या होत्या. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, तपासण्यांत नवं काही नाही. रेसिडेंटने, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरने, केसपेपरवर लिहिलं होतं, ‘इतर औषधे: नाहीत.’ त्याने विचारलं होतं आणि आजींनी नाही म्हटलं होतं. दोघंही खरं बोलत होते. राउंडला मी एका विद्यार्थिनीला म्हटलं, तू पुन्हा बोल त्यांच्याशी. ती खुर्ची ओढून बसली. ‘आजी, दिवसभर काय काय करता?’ इथून सुरू झालं. मग जिने, मग गुडघे. ‘दुखले की काय करता?’ आजींनी उशाखालची पिशवी काढली, त्यातून प्लास्टिकची डबी, आणि डबीत वेदनाशामक गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. सकाळ-संध्याकाळ एकेक, कितीतरी आठवड्यांपासून. अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी साठवून ठेवतात, हृदयाच्या अशा रुग्णाला त्या घातकच. आजींच्या लेखी औषध म्हणजे हृदयाच्या गोळ्या. या तर नुसत्या दुखण्याच्या. केसपेपर जसा होता तसा जगातल्या सर्वात हुशार यंत्राला दिला असता, तर ‘इतर औषधे: नाहीत’ हेच धरून त्याने उत्तर दिलं असतं.

1975 मध्ये ब्रिटनमध्ये एक साधा अभ्यास झाला होता. ओपीडीत आलेल्या 80 नव्या रुग्णांपैकी 66 जणांचं अंतिम निदान डॉक्टरने केवळ हिस्ट्री घेऊन, म्हणजे रुग्णाला आजाराबद्दल विचारून, काढलेल्या निदानाशी जुळलं. शारीरिक तपासणीने 7 जणांचं बदललं, प्रयोगशाळेच्या तपासण्यांनी आणखी 7 जणांचं. आज तपासण्या कितीतरी पुढे गेल्यात, आकडे तसेच राहणार नाहीत. पण कोणती तपासणी करायची हे अजूनही बोलण्यातूनच ठरतं. यंत्राने हे बोलणंही शिकलं, असं धरू. तरी ‘ऑपरेशन करू नये’ हा निर्णय घेऊन, तो घरच्यांना सांगून, उद्या चुकला तर उत्तर द्यायला समोर उभं कोण राहणार? जबाबदारी घेणारा माणूस लागतोच. म्हणून विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे की एआय वापरायला शिका, नीट शिका, आणि ते कुठे फसतं हे ओळखण्याइतकं स्वतः जाणा. डॉक्टर उरणारच नाहीत म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2030 मध्ये जगाला सुमारे 1 कोटी 10 लाख आरोग्य कर्मचारी कमी पडणार आहेत.

तारुण्य करपतं, हा तो बराचसा खरा मुद्दा. ड्युटी संपत नाही, झोप होत नाही, सणसमारंभ हुकतात. मला याचं कौतुक करायचं नाही, ‘आम्हीही सोसलं’ असं तर अजिबात म्हणायचं नाही. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमध्ये 18 वर्षांची मुलगी दगावली, रात्री तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर लांबलचक पाळ्या करत होते, आणि त्या प्रकरणातून 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यात रेसिडेंटसाठी आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली. 2003 मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली. युरोपीय संघात ही मर्यादा सरासरी 48 तासांची आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या इंटर्नच्या (नव्या शिकाऊ डॉक्टरांच्या) जुन्या, लांब पाळ्यांची तुलना छोट्या पाळ्यांशी केली गेली, तेव्हा जुन्या पद्धतीत गंभीर चुका 36 टक्क्यांनी जास्त आढळल्या. म्हणजे जागरणाने डॉक्टर घडतो हा समजच खोटा आहे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? पाळ्या बदलता येतात, बदलल्या गेल्या आहेत, आणि जिथे बदलल्या नाहीत तिथे त्यासाठी भांडायला हवं. त्यासाठी हुशार मुलांनी या क्षेत्रात पाऊलच ठेवू नये, हे कुठलं उत्तर?

दगडाचं काळीज हा मुद्दा तर मला संताप आणतो. 2011 मध्ये फिलाडेल्फियात मधुमेहाच्या 891 रुग्णांचा अभ्यास झाला. ज्या डॉक्टरांची सहानुभूती जास्त भरली, त्यांच्या 56 टक्के रुग्णांची साखर चांगल्या ताब्यात होती. सहानुभूती कमी असलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांत हेच प्रमाण 40 टक्के. आपलं दुःख ऐकून घेणाऱ्या डॉक्टरला रुग्ण खरं सांगतात, हे मला त्याचं सरळ कारण वाटतं. वाईट बातमी देऊन आल्यावर ड्युटी रूममध्ये रडलेले विद्यार्थी मी पाहिलेत आणि त्यांच्यातले पुढे उत्तम डॉक्टर झाले. ‘मला रक्त पाहून चक्कर येते’ म्हणून माघार घेणाऱ्यांसाठी एवढंच: रक्त पाहून रक्तदाब घसरतो, म्हणून चक्कर येते. हातापायांचे स्नायू घट्ट आवळून धरण्याचा एक सराव असतो, त्याने रक्तदाब टिकतो. बऱ्याच जणांचा हा त्रास नुसत्या सवयीनेही जातो.

पैशाबद्दल फार लिहीत नाही. कमाई उशिरा सुरू होते, हे खरं. लवकर आणि भरपूर पैसा हवा असेल तर दुसरी क्षेत्रं बरी, आणि असं वाटण्यात गैर काहीच नाही. ज्यांना घरच्यांच्या हट्टापायी इथे ढकललं जातंय, त्यांनीही जरूर नाही म्हणावं. बाकीच्यांनी निर्णय घेण्याआधी ओळखीच्या एखाद्या डॉक्टरला विचारून, रुग्णांची हरकत नसेल तर, एक सकाळ ओपीडीच्या कोपऱ्यात बसून काढावी. समोरच्या रुग्णाचं बोलणं लांबलं की तुम्हाला कंटाळा येतो की पुढे ऐकावंसं वाटतं, तेवढं बघा.