खुलासा : पोलंडमधील ‘पोंच्की’ मंगळवारी नव्हे, गुरुवारी

‘लेंटचा (ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती) उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी पोलंडमध्ये घरोघरी पोंच्की (आत मुरंबा भरलेले तळलेले डोनट) खातात’ असे मी लिहिले होते आणि तो मजकूर अनेकांनी पुढे पाठवला आहे. ते विधान चुकीचे असून चूक माझी आहे.

पोलंडमध्ये पोंच्की खाण्याचा हा दिवस गुरुवारी, म्हणजे राखेच्या बुधवारच्या (लेंटच्या पहिल्या दिवसाच्या) सहा दिवस आधी येतो. 2026 मध्ये तो 12 फेब्रुवारीला होता, तर राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला. त्याचे पोलिश नावच ‘त्वुस्ती च्वार्तेक’, म्हणजे ‘चरबीयुक्त गुरुवार’ असे आहे, आणि ‘च्वार्तेक’ हा शब्द ‘चौथा’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, कारण तिथे आठवडा सोमवारपासून मोजतात. एवढे लक्षात घेतले असते, तर माझी चूक टळली असती. मंगळवारची प्रथा अमेरिकेतील, विशेषतः डेट्रॉइटजवळील हॅमट्रॅम्क येथील पोलिश वंशाच्या लोकांची आहे. पोलंडमध्ये त्या मंगळवारला ‘श्लेजिक’ म्हणतात, ते हेरिंग माशावरून.

पोंच्की म्हणजे ‘साधे जॅम डोनट’, हे मी केलेले वर्णनही अपुरे होते. यीस्टने फुगवलेल्या या पिठात अंड्यातील पिवळा बलक भरपूर असतो, तळताना तेल कमी शोषले जावे म्हणून थोडे मद्यार्क घालतात आणि आत बहुधा गुलाबाचा मुरंबा भरतात. ‘पोंच्की’ हे अनेकवचन असून एका नगाला ‘पोंचेक’ म्हणतात.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल, त्यांना ही दुरुस्ती अवश्य कळवावी.